फक्त दोन रविवार

दिवाळीत पेपरला सुट्टी असते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला दुधाची पिशवी असते, पेपर नसतो. कोथरूडमधल्या एका तिसऱ्या मजल्याला ही सुट्टी दरवर्षी जड जाते. तिथल्या पंचाहत्तरीच्या आईला सकाळच्या चहाबरोबर शब्दकोडं लागतं. चहा चालू आणि आडवे-उभे शब्द बंद, अशी सकाळ तिला सोसत नाही. त्या दिवशी तिने रद्दीतून जुना पेपर काढला, त्यातलं कोडं आपणच सोडवल्याचं पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

तेव्हा तिचा मुलगा म्हणाला, "आई, पेपर कशाला हवा? मी तुला मोबाइलवर रोजचं कोडं करून देतो. दोन रविवारांचं काम आहे."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आणि बाथरूमचा नळ?"

नळ गणपतीपासून गळत होता. "तो तिसऱ्या रविवारी," तो म्हणाला.

त्याचं नाव सांगायचं कारण नाही. दर सोसायटीत असा एक असतोच. दिवसा तो पगार घेऊन कोड लिहितो आणि कुरकुरतो; रात्री साडेदहाला डायनिंग टेबलावरची ताटं उचलली गेली की तिथेच लॅपटॉप उघडून फुकट कोड लिहितो आणि चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसल्यासारखं समाधान असतं. तो याला 'साइड प्रोजेक्ट' म्हणतो. बायको 'ते तुझं चाललंय ते' म्हणते. आई शेजारणीला सांगते, "काहीतरी करतोय माझ्यासाठी. बघू."

लागलेली सुट्टी या जमातीला नेहमीच चिथावते. १९८९ च्या नाताळात ॲम्स्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेतल्या गिडो व्हॅन रॉसमला ऑफिस बंद असताना घरी बसून करायला काहीतरी हवं होतं. त्याने एक नवी प्रोग्रामिंग भाषा लिहायला घेतली आणि तेव्हा त्याला ज्या विनोदी टीव्ही मालिकेचं वेड होतं तिच्यावरून तिचं नाव पायथन ठेवलं. आज शाळेतली मुलंसुद्धा ती शिकतात. आपल्या कोथरूडकरानेही कोडं पायथनमध्येच लिहायचं ठरवलं. कुणाच्या नाताळात सुरू झालेलं काम कुणाच्या दिवाळीत अडकलं ते असं.

पहिला रविवार नाव ठरवण्यात गेला. 'शब्दवेध' छान होतं, पण त्या नावाचं काहीतरी आधीच होतं. 'अक्षरधारा' म्हटलं तर दुकानासारखं वाटलं. मग आयकॉन. आयकॉनमध्ये 'श' असावा की 'अ', आणि तो केशरी की जांभळा, यावर रात्री अकरापर्यंत त्याने एकट्याने बैठक घेतली. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५० च्या दशकातच अशा बैठकीचं वर्णन करून ठेवलंय. त्याच्या पुस्तकातली समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण अणुभट्टीतलं कुणालाच काही कळत नाही. आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास बोलते, कारण पत्रा सगळ्यांनाच कळतो. आपल्याकडे समिती एकाच माणसाची होती. तरी पाऊण तासात आटपलं नाही.

दुसऱ्या रविवारी त्याच्या लक्षात आलं की शब्दकोड्याला सूचक ओळी लागतात, आणि रोज वीस ओळी लिहिणारा माणूस आपल्या घरात नाही. म्हणून त्याने बेत बदलला. शब्दकोड्याऐवजी शब्द ओळखायचा खेळ: चार अक्षरांचा एक लपलेला शब्द, सहा प्रयत्न, बरोबर अक्षर हिरवं, जागा चुकली तर पिवळं. आईने शब्दकोडं मागितलं होतं. तिला काय मिळणार हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं. पगारी नोकरीत असं झालं की तो चिडून लांबलचक मेल लिहितो.

संध्याकाळी पहिला नमुना तयार झाला. आईने फोन हातात घेतला, तर्जनीने एकेक कळ दाबत 'कोथिंबीर' लिहिलं. खेळ म्हणाला: शब्द फार लांब आहे.

"को, थिं, बी, र," आईने बोटं मोजली. "चारच तर आहेत."

संगणकाच्या लेखी ती आठ होती. क, त्याचा ओकार वेगळा, थ, त्याची वेलांटी वेगळी, वर अनुस्वार वेगळा, ब, पुन्हा वेलांटी, आणि र. युनिकोडमध्ये देवनागरी अशीच साठवली जाते. प्रत्येक काना, मात्रा आणि पाय मोडणारं हलंतचिन्ह यांना स्वतंत्र क्रमांक असतो, आणि पायथनला शब्दाची लांबी विचारली की तो हे क्रमांक मोजून सांगतो. या हिशेबाने 'महाराष्ट्र' दहा अक्षरांचा भरतो. पहिलीतलं पोर तो चारात बसवतं.

इथे त्याला प्रथमच उत्साह आला. दिवसभराच्या नोकरीत असा प्रश्न कधी समोर येत नाही. त्याने शोधाशोध केली आणि अक्षरं 'माणसासारखी' मोजणारी एक तयार लायब्ररी त्याला सापडली. तिला त्याने 'नमस्ते' दिलं. साध्या मोजणीने त्याची लांबी सहा येते. लायब्ररी म्हणाली चार: न, म, स्, ते. आई म्हणाली तीन. शब्द एक आणि मतं तीन. लग्नाच्या याद्या करतानाही एवढा घोळ होत नाही.

लायब्ररीचाही दोष नव्हता. जोडाक्षर हे एकच अक्षर मानायचं, हे युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात देवनागरीसाठी आलं ते २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, १५.१ या आवृत्तीत. तोवर 'क्ष'सुद्धा 'क्' आणि 'ष' असा फोडला जायचा. त्याने उतरवून घेतलेली लायब्ररी त्याआधीची निघाली. हे सगळं त्याने आईला जेवताना समजावून सांगितलं. तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "म्हणजे कोड्याच्या एका घरात जेवढं मावतं तेवढं एक अक्षर, हे त्यांना दोन वर्षांपूर्वी कळलं?"

हे सगळं होता होता सातवा रविवार उजाडला होता. नळाखाली आता बादली होती.

हातातल्या कामाला किती वेळ लागेल हे सांगताना हुशार माणसंही वाहवत जातात. डग्लस हॉफस्टॅटर यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात स्वतःच्या नावाचा एक नियमच मांडला: कोणतंही काम अंदाजापेक्षा जास्त वेळ घेतं, आणि अंदाज करताना हा नियम लक्षात घेतला असला तरीही घेतं. याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण म्हणजे स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ. १९७७ मध्ये त्यांच्या 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रामिंग' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. जुनी खिळ्यांची छपाई गेली होती, आणि नव्या पद्धतीने जुळवलेली पानं त्यांना बघवेनात. दुसरा कुणी असता तर त्याने प्रकाशकाला खडसावलं असतं. कनूथ यांनी ठरवलं की पानं जुळवणारा प्रोग्राम आपणच लिहू; पुढच्या वर्षी रजा आहे, तेवढ्यात उरकेल. तो प्रोग्राम म्हणजे टेक. त्यासाठी अक्षरांचे साचे हवेत म्हणून अक्षरं घडवणारा दुसरा प्रोग्राम लिहिला, तो मेटाफाँट. टेकचं रूप अखेर कायम केलं ते १९८९ मध्ये. पुस्तक छापायला निघालेला माणूस बारा वर्षांनी छापखाना घेऊन परतला. मूळ ग्रंथ अजून पुरा व्हायचाय.

टेकच्या आवृत्त्यांचे क्रमांकही कनूथ यांनी असे ठेवले की प्रत्येक दुरुस्तीला पायच्या किमतीचा पुढचा एक आकडा जोडला जावा: ३.१४, ३.१४१, ३.१४१५. म्हणजे पूर्णत्वाकडे जायचं, पोहोचायचं नाही. आपल्या पुस्तकांतली चूक शोधून देणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. लोक तो वटवण्याऐवजी चौकट करून भिंतीवर लावत. चेकवरचे खात्याचे नंबर जगजाहीर होऊन गैरप्रकार होऊ लागले, तेव्हा २००८ पासून त्यांनी खरे चेक बंद केले. आता 'सॅन सेरिफ' नावाच्या, अस्तित्वात नसलेल्या देशाच्या बँकेचं प्रमाणपत्र मिळतं.

आपल्या माणसाचा छापखाना निघाला तो कीबोर्डच्या निमित्ताने. फोनच्या कीबोर्डवर आईला 'ऱ्या' सापडत नव्हता, 'ज्ञ' सापडत नव्हता. "मी तुझ्यासाठी कीबोर्डच करतो," तो म्हणाला. त्या कीबोर्डावर बाराखडी उघडताना अक्षरं कळीबाहेर जायला लागली, म्हणून तो फाँटकडे वळला. तीन आठवडे तो 'ष्ट्र'ची उंची कमीजास्त करत होता. आईने एकदा मागून डोकावून पाहिलं आणि विचारलं, "कोडं कुठंय यात?"

याच सुमारास त्याला सुलट-उलट सारखे शब्द ओळखणारी खास शनिवार-आवृत्ती सुचली. मागितली कुणीच नव्हती. 'नवजीवन' हा शब्द त्याने मोठ्या विश्वासाने दिला: न, व, जी, व, न, दोन्हीकडून सारखाच. प्रोग्रामने क्रमांक उलटे लावले, तेव्हा 'ज'ची वेलांटी सुटून पलीकडच्या 'व'ला चिकटली आणि उत्तर आलं 'नवीजवन'. 'पुणे' उलटं केलं तर सुरुवातीलाच एक मात्रा, खाली अक्षर नाही, ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळलेली. शनिवार-आवृत्ती त्याने त्याच रात्री रद्द केली. 'नवीजवन' मात्र घरात रुळलं. काही बिघडलं की भाचे आता "नवीजवन झालं" म्हणतात.

चूक सापडत नसेल तर ती कुणालातरी मोठ्याने समजावून सांगावी, सांगता सांगता आपली आपल्याला सापडते, असा या धंद्यात एक तोडगा आहे. १९९९ मध्ये आलेल्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या पुस्तकाने त्यासाठी रबरी बदक टेबलावर ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून जगभरच्या प्रोग्रामरांच्या टेबलावर पिवळी बदकं दिसतात. कोथरूडात बदकाची गरज पडली नाही. आई मटार सोलत बसलेली असे. अडचण एवढीच की बदक मधे बोलत नाही. "थांब, थांब," आई म्हणायची, "हे तू काल नीट झालं म्हणाला होतास."

एका संध्याकाळी आईने 'ॲसिडिटी' हा शब्द घातला. ॲ, सि, डि, टी, चार घरं. त्या दिवसाचं उत्तरही 'ॲसिडिटी'च होतं. खेळाने पहिलं अक्षर चूक ठरवलं.

दोन्ही शब्द त्याने शेजारी शेजारी ठेवून पाहिले. डोळ्यांना तिळमात्र फरक दिसेना. दोन रात्री गेल्यावर उलगडा झाला. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. पण साध्या 'अ'वर वेगळी चंद्रकोर ठेवूनही हुबेहूब तसंच दिसणारं अक्षर उमटतं, आणि दोन्ही प्रकार सर्रास चालतात. आईच्या कीबोर्डचा ॲ एक, त्याच्या यादीतला दुसरा. मुखवटा तोच, आतला माणूस वेगळा. तीच तऱ्हा 'ऱ्या'ची. तिथे तर काही वेळा एक अदृश्य चिन्ह मधे दबा धरून बसलेलं असतं, ज्याला ना रूप ना रुंदी. यादीत 'दऱ्या' दोनदा होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

अशा चुकांच्या वंशावळीत काही थोर नमुने आहेत. हार्वर्डच्या मार्क टू या अजस्र यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ ला एक खराखुरा पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावून ठेवला, आणि ती वही अजून अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण हौशी माणसाच्या हातून घडलेली लाडकी चूक विचाराल तर ती मांजरांची. टार्न आणि झॅक ॲडम्स हे दोघे भाऊ २००२ पासून 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' नावाचा, बुटक्यांच्या राज्याचा खेळ घडवताहेत. तपशिलाचा सोस असा की प्रत्येक प्राण्याच्या पायाला काय लागलंय हेही खेळ लक्षात ठेवतो. २०१५ च्या अखेरीस त्यांनी खेळात दारूचे गुत्ते उघडले आणि राज्यातली मांजरं पटापट मरू लागली. शोध घेतल्यावर कळलं ते असं: बुटके पिताना दारू सांडत, मांजरं त्यावरून चालत, पाय भरले की स्वभावाप्रमाणे चाटून साफ करत, आणि खेळ त्या एकेका चाटण्याला अख्खा पेला धरत होता. पेला बुटक्याच्या मापाचा, मांजराचा जीव तो केवढा. खेळातला प्रत्येक नियम आपापल्या जागी चोख होता. फक्त मांजर त्या सगळ्या नियमांवरून चालत गेलं.

मग यादीचा प्रश्न आला. खेळ चालवायचा तर चार अक्षरी शब्द हवेत, आणि ते माणसाला माहीत असलेले हवेत. त्याने आधी बातम्यांच्या मजकुरातून शब्द उपसले. मराठीत तो बेत फसतो, कारण 'घर' एकटं कधी येत नाही. 'घराला', 'घरातून', 'घरच्यांनी' असा सगळा गोतावळा घेऊन येतं. यादीत निम्मे शब्द विभक्तीत भिजलेले. मग त्याने मोल्सवर्थच्या कोशाकडे मोर्चा वळवला. १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने केव्हाच संगणकावर आणून ठेवलीय. पण त्यातले असंख्य शब्द शेतातून, माजघरातून आणि बाजारातून कधीच उठून गेलेत.

अगदी असाच प्रश्न जॉश वॉर्डल या ब्रुकलिनच्या इंजिनिअरपुढे आला होता. त्याची जोडीदार पलक शाह हिला शब्दांचे खेळ आवडतात, म्हणून त्याने तिच्यासाठी 'वर्डल' केला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात भरले, त्यातले बहुतेक कुणी ऐकलेलेही नाहीत. ते सगळे पलकने एकेक करून पाहिले, ओळखीचे ठेवले, आणि सुमारे अडीच हजार उरले. गंमत म्हणजे खेळाचा पहिला नमुना वॉर्डलने २०१३ मध्येच केला होता आणि मग गुंडाळून ठेवला होता. तो जगासमोर आला ऑक्टोबर २०२१ मध्ये. १ नोव्हेंबरला ९० लोक खेळले, २ जानेवारीला तीन लाख, आणि ३१ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्क टाइम्सने तो दहा लाख डॉलरच्या वरची किंमत देऊन विकत घेतला. ही गोष्ट प्रत्येक हौशी प्रोग्रामर आपल्या बायकोला सांगतो. यातली आठ वर्षं तो गाळतो.

कोथरूडची पलक शाह म्हणजे आई. तिने मोबाइलवर यादी तपासायला साफ नकार दिला आणि दोनशे पानी वही मागवली. रोज दुपारी जेवणानंतर ती शब्द वाचायची, पसंत पडलेले वहीत निळ्या शाईने उतरवायची. 'उतरंड' ठेवली, नातवाने ती काय असते विचारलं तर त्याला हातवारे करून दाखवलं. 'कंटाळणे' चालेल, पण 'कंटाळल्या' नाही. मधेच तिची तक्रार आली, "तुझ्या यादीत काळवीट आधी आणि कासावीस नंतर कसं?" आईच्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत त्याला ल आणि व यांच्या मधे बसवलाय. म्हणून 'काळवीट' रांग मोडून पुढे घुसलं होतं. दोन दिवस खपून त्याने ळ जागेवर नेऊन बसवला. आईने नवी यादी पाहिली आणि मान डोलावली. साऱ्या प्रकल्पात त्याला मिळालेली ही पहिली पसंती.

आणि मग, फेब्रुवारीतल्या एका रात्री पावणेएकला, त्याने ती यादी उडवली.

जुन्या फाइली साफ करायच्या होत्या. त्याच्या फोल्डरात 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-नवीन-खरंच' आणि 'हीच-वापर' अशा चार फाइली होत्या. आज्ञा बरोबर होती, फोल्डर चुकीचं होतं. एंटर दाबल्यावर जी एक शांतता पसरते ती ज्याने अनुभवली त्यालाच कळेल. फ्रिजचा आवाज येत होता. नळ टपटपत होता.

त्याने स्वतःला आठवण करून दिली की थोरामोठ्यांच्या घरीही हे झालंय. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय असं जाहीर केलं, तेव्हा हा आपला नुसता छंद आहे, फार मोठं काही नाही, असंही सांगून टाकलं होतं. सुरुवातीला तर तेवढंही मनात नव्हतं. विद्यापीठाच्या संगणकाला घरून फोन लावता यावा इतपत एक प्रोग्राम त्याला हवा होता. मग फाइली उतरवून घ्याव्याशा वाटल्या म्हणून डिस्क हाताळणं आलं, मग फाइली ठेवायची व्यवस्था आली, आणि बघता बघता लिनक्स झालं. त्या धांदलीत एकदा त्याने मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच फोन लावला. डायल करायच्या आज्ञा थेट डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि तोवर मिनिक्स नावाच्या ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तो काम करत होता ती उद्ध्वस्त झाली. ती पुन्हा बसवण्याऐवजी त्याने आपल्याच अर्धवट लिनक्सवर संसार थाटला. आज आईच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे.

ही आठवण काढूनही यादी परत आली नाही. सकाळी त्याने पडेल चेहऱ्याने आईला सांगितलं. आईने चहाचा कप खाली ठेवला आणि कपाटातून वही काढून दिली. एक हजार चारशे बारा शब्द, निळ्या शाईत, पानांना क्रमांक घातलेले. पुढचे दोन रविवार तो वहीतून शब्द टाइप करत होता आणि आई शेजारी बसून वाचून दाखवत होती. "र्‍हस्व वेलांटी," ती मधूनमधून म्हणायची.

त्यानंतर तो गिट वापरू लागला. फाइलींच्या प्रत्येक अवस्थेची नोंद ठेवणारं हे साधनही टॉरवाल्ड्सचंच. लिनक्ससाठी वापरात असलेल्या साधनाची फुकट सोय बंद झाली म्हणून त्याने ते ३ एप्रिल २००५ ला लिहायला घेतलं आणि ७ तारखेला गिट स्वतःच्याच नोंदी ठेवू लागलं होतं. चार दिवस. दोन रविवारांत मावणारं हे एकमेव काम या लेखात आहे.

खेळ तयार झाला, पण आईच्या फोनमध्ये थेट टाकायला गेल्यावर पडद्यावर धोक्याची सूचना आली. अनोळखी ॲप घेऊ नये, हे तिला बँकेने बजावलं होतं. मुलाचं असलं तरी. म्हणून प्ले स्टोअरची रीतसर वाट धरावी लागली. खात्याची फी २५ डॉलर, एकदाच. पुढची अट त्याला ठाऊक नव्हती. नोव्हेंबर २०२३ पासून नव्या वैयक्तिक खात्याला आपलं ॲप आधी वीस जणांकडून सलग चौदा दिवस तपासून घ्यावं लागे. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने त्या विसाचे बारा केले. बारा माणसं, चौदा दिवस. कार्याला बोलवावीत तशी माणसं जमवायची.

आई, बायको, बहीण, इंदूरची मावशी, दोन भाचे, ऑफिसातले दोघे, सोसायटीचे सेक्रेटरी, पोळ्यांच्या मावशी आणि भजनी मंडळातल्या काकू. अकरा झाले. बारावा मेहुणा होता, पण त्याच्याकडे आयफोन निघाला. त्या रविवारी बायकोने कंटाळून बोलावलेला प्लंबर बाथरूममध्ये होता. वॉशर बदलायला त्याला दहा मिनिटं लागली. हात पुसत बाहेर आला तेव्हा घरमालक दारात उभा होता.

"दादा, तुमचा फोन अँड्रॉइड आहे का?"

चौदा दिवस पार पडले. ॲप स्टोअरवर आलं. त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर दुवा टाकला; सव्वीस जणांनी अंगठा दाखवला, सात जणांनी ॲप उघडलं, आणि आठवड्यानंतर रोज खेळणारी तिघं उरली. पडद्यामागच्या आकड्यांत त्याला ती तीन माणसं रोज सकाळी दिसतात. एक पावणेसातला, चहाच्या वेळी. एक इंदूरहून. तिसरा कोण, हे त्याला बरेच दिवस कळत नव्हतं.

आईने पहिल्या दिवशी शब्द चौथ्या प्रयत्नात ओळखला, फोन उपडा ठेवला आणि पेपरातलं शब्दकोडं पेनने सोडवायला घेतलं. "हे पाच मिनिटांत संपतं रे," ती म्हणाली. "तुझं बरंय, पण हे चहा संपेपर्यंत पुरतं."

मागच्या रविवारी इंदूरच्या मावशीचा फोन आला. खेळ छान आहे, पण एकटीने खेळण्यात काय मजा? ताई तिकडे आणि मी इकडे, दोघींना एकाच वेळी, एकमेकींची अक्षरं दिसतील असं खेळता येईल का?

"का नाही?" तो म्हणाला. डोळ्यांत ती जुनी चमक. "दोन रविवारांचं काम आहे, मावशी."

बायकोने स्वयंपाकघरातून हे ऐकलं, हात पुसले आणि फोन लावला. "दादा, आत्ता काही गळत नाहीये," ती म्हणाली, "पण सिंकखालचा पाइप एकदा येऊन बघून जाल का?"

"येतो वहिनी, चारला येतो," प्लंबर म्हणाला. "तेवढं साहेबांना विचारा, आजच्या शब्दात शेवटी 'णी' आहे का? तीन घरं हिरवी झालीत, एकच प्रयत्न उरलाय."